एकाच काचपेटीत करडी बुरशी आणि टॅरँट्युला: एका प्रसंगाची उकल

30 सेंमी लांब, 30 सेंमी रुंद आणि 45 सेंमी उंच अशी एक काचपेटी डोळ्यांसमोर आणा. आत गुलाबी पंजांची एक पूर्ण वाढलेली टॅरँट्युला (मोठा, केसाळ कोळी) मादी, शास्त्रीय नाव अ‍ॅव्हिक्युलेरिया अ‍ॅव्हिक्युलेरिया. उभं लावलेलं बुचाच्या झाडाचं साल, त्यामागे तिने विणलेली रेशमी नळी, तळाशी 6 सेंमी कोकोपीट, एक मनी प्लांट आणि फुलावर आलेला एक बेगोनिया. काही महिने सगळं सुरळीत चालतं. मग कुठेतरी ‘80 टक्के आर्द्रता लागते’ असं वाचून वरच्या जाळीचा पाऊण भाग प्लॅस्टिकने झाकला जातो आणि सकाळ-संध्याकाळ फवारा सुरू होतो.

तीन आठवड्यांनी चित्र असं दिसतं. रोज सकाळी काचेवर आतून दव असतं. बेगोनियाच्या दोन पानांवर तपकिरी, पिचपिचीत डाग असून त्यावर करडी लव उगवलेली आहे. टॅरँट्युला नळी सोडून वर, जाळीचा जो पाव भाग उघडा राहिलाय त्याला चिकटून बसते आणि तीन आठवड्यांत तिने एकही रातकिडा पकडलेला नाही. आर्द्रतामापकावर 90 टक्के.

अशा वेळी दोन प्रश्न हमखास येतात. झाडाची बुरशी कोळ्याला लागली का? आणि फवारायचं काय? पहिल्याचं उत्तर ‘नाही’, दुसऱ्याचं ‘काहीच नाही’. ही उत्तरं का बरोबर आहेत ते कळलं तर पेटीत नेमकं काय बदलायचं हेही कळतं.

आधी बुरशी कोणती ते ठरवा

टॅरँट्युलाच्या पेटीत पांढरं-करडं काहीही दिसलं की ‘बुरशी’ म्हणून मोकळं होण्याची सवय घातक आहे. काचेवरचे खडूसारखे पांढरे शिंतोडे ही टॅरँट्युलाची विष्ठा असते. ही जात तर घाबरली की ती नेम धरून उडवते. सालीवरचा पातळ पांढरा थर बहुधा रेशीम असतं. ओल्या लाकडावरचा पांढरा कापूस आणि नंतर येणारी हिरवट भुकटी ही मेलेल्या लाकडावर जगणाऱ्या बुरशीची. तिचं जिवंत पानाशी देणंघेणं नसतं. पानाच्या वरच्या बाजूवर पिठासारखी भुकटी, बोटाने पुसली जाणारी आणि खाली पान अजून हिरवं, असं असेल तर ती भुरी.

इथली मात्र वेगळी आहे. भिंगातून पाहिलं तर पानावर बेगोनियाची गळालेली एक पाकळी चिकटलेली दिसते. पाकळी तपकिरी होऊन काचेसारखी पारदर्शक झालेली, आणि तिच्या कडेबरोबर पानावर तंतोतंत त्याच आकाराचा कुजका डाग. डागाच्या मधोमध दोन-तीन मिलिमीटर उंचीचे करडे केस, प्रत्येकाच्या टोकाला फांद्या आणि फांद्यांवर गोल बीजाणूंचे झुबके, अगदी द्राक्षाच्या घडासारखे. टिचकी मारली तर धूर उडाल्यासारखी राख उडते (टिचकी मारू नका, ते पुढे येतंच). ही करडी बुरशी, बोट्रायटिस सिनेरिया. ग्रीक ‘बोट्रिस’ म्हणजे घड आणि लॅटिन ‘सिनेरिया’ म्हणजे राखेच्या रंगाची; बुरशीशास्त्रज्ञ पेर्सोन याने 1794 मध्ये दिलेलं हे नाव अजून जसंच्या तसं लागू पडतं. हजाराहून अधिक प्रकारच्या वनस्पतींवर ती येते. 2012 मध्ये वनस्पतिरोगतज्ज्ञांच्या मतदानातून जगातल्या दहा महत्त्वाच्या रोगकारक बुरशींची यादी झाली, तिच्यात भाताच्या करप्याच्या बुरशीनंतर हिचाच क्रमांक होता.

गळालेली पाकळी हाच इथला खरा पुरावा. निरोगी, कोरड्या पानावर या बुरशीला सहसा थेट घुसता येत नाही. मेलेल्या पाकळीतली साखर खाऊन ती आधी जोर धरते आणि तिथून शेजारच्या जिवंत पानात उतरते. पाकळी नसती तर कदाचित डागही पडला नसता.

दोघींचं साम्य फसवं का आहे

कागदावर या दोन जीवांची तुलना केली तर साम्यं चकित करणारी निघतात. दोघींनाही उन्हापासून अन्न बनवता येत नाही. दोघीही अन्न अंगाबाहेर पचवतात. टॅरँट्युला भक्ष्यात विष सोडते, जबड्यांनी ते चुरडते, वर पाचकरस ओतते आणि झालेलं पातळ सार शोषून घेते. करडी बुरशी पानाच्या पेशींत बोट्रायडियलसारखं विष आणि ऑक्झॅलिक आम्ल सोडते, पेशींना एकमेकींशी जोडणारं पेक्टिन विकरांनी (एन्झाइमांनी) विरघळवते आणि तो लगदा तंतूंतून आत घेते. आधी मारायचं आणि मग जेवायचं, हीच दोघींची रीत. तांबेऱ्यासारख्या बुरशी पान जिवंत ठेवून खातात; ही तशी नाही.

आणखी एक साम्य बांधणीचं. बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन नावाचा चिवट पदार्थ असतो, टॅरँट्युलाच्या बाहेरच्या कवचातही कायटिन असतं. इथून अनेकांची गाडी रुळावरून घसरते: ‘एकाच पदार्थाचे बनलेत, मग एकीचा रोग दुसरीला लागणारच.’ पण करडी बुरशीची सगळी हत्यारं वनस्पतीच्या पेशीसाठी घडलेली आहेत. पेक्टिन विरघळवणारं विकर कोळ्याच्या कवचावर काय करणार? तिथे पेक्टिनच नाही. कोळ्यांना मारणाऱ्या बुरशी असतात, पण त्या वेगळ्या घराण्यातल्या. कॉर्डिसेप्स गटातल्या काही जाती दक्षिण अमेरिकेच्या जंगलात टॅरँट्युलांवर वाढतात आणि मेलेल्या कोळ्याच्या अंगातून देठासारखे कोंब बाहेर काढतात. बेगोनियाच्या पानावरून तिथवर रस्ता जात नाही.

कायटिनचं साम्य मात्र एका गोष्टीसाठी लक्षात ठेवायलाच हवं, ती म्हणजे औषधं. पॉलिऑक्सिन हे बुरशीनाशक बुरशीचं कायटिन बनणं अडवतं. डायफ्लूबेन्झुरॉन हे कीडनाशक कीटकांचं कायटिन बनणं अडवतं, त्यामुळे त्यांना नीट कात टाकता येत नाही. कात टाकण्याच्या उंबरठ्यावरच्या टॅरँट्युलाच्या घरात असल्या रसायनांचे प्रयोग करण्याचं धाडस कुणी करू नये.

मग ती जेवत का नाही?

इथे कावळा बसला आणि फांदी तुटली. टॅरँट्युलाचं पोट नीट पाहिलं तर ते फुगलेलं, गडद आणि निस्तेज दिसतं; केस विटलेले, पंजांचा गुलाबी रंग मळलेला. ही कात टाकण्याच्या आधीची लक्षणं आहेत. मोठी मादी या काळात आठवडेच्या आठवडे उपाशी राहते आणि त्यात काळजीचं काही नसतं. काळजी करावी अशी लक्षणं वेगळी: पोट आक्रसून सुरकुतलेलं, पाय शरीराखाली मुठीसारखे वळलेले, तोंडापाशी पांढरा ओलसर थर आणि दुर्गंध. यातलं पहिलं-दुसरं पाणी कमी पडल्याचं, तर तिसरं बहुधा सूत्रकृमींचं लक्षण असतं. पाय वळण्यामागे साधं कारण आहे. कोळ्याला पाय आखडायला स्नायू असतात. मुख्य सांध्यांत ते ताणण्याचं काम मात्र शरीरातल्या द्रवाच्या दाबाने होतं. पाणी कमी झालं की दाब पडतो आणि पाय मिटतात.

नळी सोडून जाळीशी येऊन बसणं मात्र कातीचं लक्षण नाही. कात टाकायची असते तेव्हा ती उलट नळीची तोंडं विणून बंद करते. उघड्या जाळीला चिकटून बसली आहे म्हणजे तिला हवा हवी आहे. ही झाडावर, उंचावर राहणारी जात आहे. उत्तर दक्षिण अमेरिकेतल्या तिच्या मूळ जंगलात हवा दमट असते खरी, पण ती हलत असते. पोटाखालच्या पुस्तकाच्या पानांसारख्या फुप्फुसांच्या दोन जोड्यांनी ती श्वास घेते. कोंडलेल्या, ओल्या, थिजलेल्या हवेत या घराण्यातले कोळी अचानक दगावतात, हा ते पाळणाऱ्यांचा जुना अनुभव आहे.

पाणी कुठे असतं, यावर सगळं अवलंबून

या प्रकरणाची किल्ली 90 टक्के या आकड्यात नाही. टॅरँट्युलाला पाणी तोंडापाशी लागतं. बुरशीला ते पानावर लागतं. मापक यातलं काहीच मोजत नाही.

आकड्यांतच पाहू. 26 अंश सेल्सिअसला हवा भरगच्च दमट असेल तेव्हा एका घनमीटरमध्ये साधारण 24.4 ग्रॅम बाष्प मावतं. 90 टक्के म्हणजे सुमारे 22 ग्रॅम. ही हवा 24 अंशांच्या आसपास आली की दव पडू लागतं. म्हणजे रात्री खोली दोन अंशांनी गार झाली की पुरे, पान ओलं. तीच हवा 65 टक्क्यांवर असेल तर दव पडायला ती 19 अंशांपर्यंत, म्हणजे तब्बल सात अंशांनी उतरावी लागते. बंद खोलीत एका रात्रीत तेवढी घट क्वचितच होते.

कुणी म्हणेल, 40 लिटरच्या पेटीतल्या हवेत असं कितीसं पाणी असणार? खरंच फार नसतं. हवा 26 वरून 22 अंशांवर आली तरी त्यातून जेमतेम दोन थेंब खाली येतात. पण खाली ओलं कोकोपीट आहे. हवेतून जेवढं गेलं तेवढं ते रात्रभर भरून देत राहतं आणि वरचं झाकण ते बाहेर पडू देत नाही. म्हणून सकाळी काच पाझरते. बीजाणूला रुजायला पानावर पाण्याचा पातळ पडदा किंवा जवळजवळ भरगच्च दमट हवा काही तास टिकावी लागते, आणि तापमान 18 ते 23 अंशांच्या आसपास असेल तर बुरशीची चांदीच. इथे रोज रात्री नेमकं हेच घडत होतं.

काय करायचं

टॅरँट्युला हलवायची की नाही, हे आधी ठरतं. नळीची तोंडं बंद असतील किंवा ती पाठीवर आडवी पडलेली दिसली, तर सगळं काम थांबवा. पाठीवर पडलेली टॅरँट्युला मेलेली नसते, कात टाकत असते. त्या वेळी तिला ढकललं तर मऊ पाय आणि सुळे कायमचे वाकडे होऊ शकतात. फक्त प्लॅस्टिक काढा, फवारा बंद करा, वाटीत पाणी भरा. काती­नंतर नवं कवच टणक होऊन ती पुन्हा जेवू लागेपर्यंत बेगोनिया सडला तरी चालेल.

आपल्या प्रसंगात ती मोकळी बसलेली आहे, त्यामुळे हलवता येते. पेटी जमिनीवर ठेवा, टेबलावर नाही: ही जात उडी मारते आणि उंचावरून पडली तर पोट फुटू शकतं. एक लिटरचा पारदर्शक डबा घ्या, त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना 2 मिलिमीटरची भोकं आधीच पाडून ठेवा. डबा तिच्यासमोर धरा आणि मऊ कुंचल्याने मागच्या पायाला हलकेच स्पर्श करा. पुढे सरकेल ती आपोआप. हाताने उचलू नका. हिचे पोटावरचे बोचरे केस हवेत उडत नाहीत, पण टेकले तर टोचतात. डब्यात सालीचा एक उभा तुकडा आणि बाटलीच्या झाकणात पाणी, एवढं पुरतं.

आता झाड. नाक-तोंड बसत्या मास्कने झाका. या बुरशीचे बीजाणू सतत हुंगल्याने द्राक्षबागांत काम करणाऱ्यांना फुप्फुसाचा अ‍ॅलर्जीचा आजार होतो, तो ज्ञात आहे. एका कुंडीने तसं होणार नाही, पण दमा असलेल्या माणसाने हे काम दुसऱ्यावर सोपवावं. बीजाणू कोरडे असतात आणि धक्क्याने उडतात, म्हणून डागावर आधी साध्या पाण्याचे एक-दोन बारीक फवारे मारून ते बसवा. मग पानावर प्लॅस्टिकची पिशवी मोज्यासारखी चढवा आणि देठ आतूनच कापा. खोडाला लागण असेल तर डागाच्या खाली 2-3 सेंमी निरोगी भाग घेऊन कापा. प्रत्येक कापणीनंतर पातं 70 टक्के अल्कोहोलने पुसा. अल्कोहोलची बाटली मात्र टॅरँट्युलाच्या डब्यापासून लांब ठेवा.

आमचं मत विचाराल तर बेगोनिया पेटीतून कायमचा काढावा. तो चांगला नाही म्हणून नव्हे. फुलं येतात, पाकळ्या गळतात, त्या ओल्या पानांवर चिकटतात, आणि पुन्हा हेच सुरू. जाड, गुळगुळीत पानांचा मनी प्लांट बुरशीला एवढी संधी देत नाही आणि रेशीम बांधायलाही तो जास्त सोयीचा.

कोकोपीटचा वरचा 2-3 सेंमी थर पाकळ्या-पानांसकट काढून टाका आणि पांढऱ्या कागदावर पसरून पाहा. काळे, कठीण, मोहरीएवढे किंवा थोडे मोठे चपटे दाणे दिसले तर ती उंदराची लेंडी किंवा बी समजू नका. प्रतिकूल काळ काढायला बुरशीने बांधलेल्या त्या गाठी आहेत आणि ओल मिळाली की त्यातून ती परत उगवते. त्या दिसल्या तर सगळंच कोकोपीट बदला.

शेवटी हवा, आणि खरा उपचार हाच. वरचं प्लॅस्टिक पूर्ण काढा. फक्त वरची जाळी उघडी ठेवून भागत नाही, कारण थंड दमट हवा तळाशी बसून राहते. एका बाजूला तळापासून 8-10 सेंमीवर आणि समोरच्या बाजूला वरच्या टोकाशी, अशी तिरपी वाट हवी. काचेला भोकं पाडणं जिकिरीचं. समोरचं दार काढून तिथे अ‍ॅक्रिलिकचा पत्रा बसवणं सोपं. भोकं 2-3 मिलिमीटरची, ओळीने. टॅरँट्युलाच्या शरीराचा पुढचा कठीण भाग ज्यातून जाणार नाही, त्याहून भोक मोठं नको. बारीक धातूची जाळी वापरली तर तिच्यात पायाची नखं अडकतात, तेही ध्यानात असू द्या.

पाण्यात एक पेच आहे. झाडांना सकाळी पाणी द्यावं, म्हणजे पानं संध्याकाळपर्यंत सुकतात. टॅरँट्युला मात्र रात्री फिरते आणि जाळ्यावरचे थेंब पिते. तोडगा असा: सालीवर निम्म्या उंचीला एक लहान वाटी कायमची बसवा, तिच्यात रोज स्वच्छ पाणी. झाडाच्या मुळाशी चोचीच्या बाटलीने आठवड्यातून एकदा पाणी, पानांवर एक थेंबही नाही. आणि झाडाच्या विरुद्ध बाजूच्या काचेवर, रेशमाजवळ, आठवड्यातून दोनदा 10-15 मिली पाणी. ते तीन-चार तासांत सुकलं पाहिजे. सुकत नसेल तर हवा अजून कमी पडते आहे. आर्द्रतामापक घरातच राहू दे, पण बघायची ती काच.

जिथे लोक चुकतात

पहिली चूक बुरशीनाशकाची. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होतो. पेटीत फवारलेलं रसायन पानावर राहतं, पानावर टॅरँट्युला चालते, मग पंजे तोंडाने साफ करते. अनेक ‘बागेची’ औषधं मिश्र असतात, त्यांत कीडनाशक मिसळलेलं असतं आणि ते लेबलच्या बारीक अक्षरांत दडलेलं असतं. शिवाय करडी बुरशी औषधांना पुरून उरण्यात पटाईत: कार्बेन्डाझिमच्या गटातल्या बुरशीनाशकांना दाद न देणारे तिचे प्रकार 1970 च्या दशकातच आढळले. कडुनिंबाचं तेल ‘नैसर्गिक’ म्हणून फवारणं हाही तसलाच उद्योग. तेलाचा पातळ थर कोळ्याच्या श्वासाच्या छिद्रांपाशी कशाला हवा?

दुसरी चूक उलट टोकाची. घाबरून पेटी कोरडी ठणठणीत करायची, वाटीसुद्धा काढून टाकायची. बुरशी थांबते खरी, पण दोन-तीन आठवड्यांत टॅरँट्युलाचं पोट सुरकुततं. कातीच्या तोंडावर शरीरात पाणी कमी असेल तर जुनं कवच पायांवरून सुटत नाही आणि ती त्यातच अडकून मरते. खालचं कोकोपीट किंचित ओलं आणि वरचा थर कोरडा, हा मध्यम मार्ग.

तिसरी, उष्ण दिवा लावणं. 30 अंशांच्या वर बुरशीची वाढ मंदावते हे खरं, पण बीजाणू मरत नाहीत आणि टॅरँट्युला मात्र सुकते.

चौथी चूक अर्धी बरोबर आहे: स्प्रिंगटेल सोडणं. हे इवलेसे जीव कुजणाऱ्या पदार्थांवरची बुरशी खातात आणि पेटीत ते असावेतच. पण जिवंत पानाच्या आत घुसलेली बुरशी त्यांच्या आवाक्याबाहेरची. आणि वाटीत बुडालेला रातकिडा किंवा जेवणानंतर टाकलेला चोथा दुसऱ्या दिवशी उचलणं हे काम तुमचंच.

पुढचे आठवडे

टॅरँट्युलाला परत सोडण्याआधी पेटी नव्या मांडणीत दोन-तीन दिवस रिकामी चालवून पाहा: सकाळी काच कोरडी, वाटी जागच्या जागी, मनी प्लांटवर पाणी साचलेलं नाही. नंतर पंधरा दिवस रोज सकाळी मनी प्लांटची पानं भिंगाने बघा, विशेषतः खोडाला चिकटलेली जुनी, पिवळी पडत चाललेली खालची पानं. ही बुरशी पानात शांतपणे दबा धरून राहू शकते आणि पान म्हातारं झालं की वर येते. पिवळं पान दिसलं की त्याच दिवशी काढा.

टॅरँट्युला परतल्यावर आठवड्याभरात सालीमागे नवं रेशीम विणू लागली आणि दिवसा नळीत राहू लागली, तर हवेचा प्रश्न मिटला. जेवण अजूनही नाकारेल. जिवंत रातकिडा पेटीत सोडून ठेवू नका, कातीत असहाय पडलेल्या टॅरँट्युलाला तो कुरतडतो. कात टाकल्यावर दोन आठवडे थांबा. सुळे आधी पांढरे असतात, मग तांबूस, मग काळे होतात. काळे झाले की पहिला रातकिडा द्या, तोही लहान. टाकलेली कात तेवढी लगेच बाहेर काढा: ओली कात पेटीत राहिली की तिच्यावर पांढरी बुरशी येते, आणि पुन्हा कुणीतरी विचारतं की हिला लागण झाली का.